पीट टाउनशेंड यांच्या एकट्याच्या तबकड्या : आरंभ कोठून करावा?

पीट टाउनशेंड यांची गाणी ज्यांच्या कानांवर आहेत, त्यांतील बहुतेकांनी ती दुसऱ्याच्या गळ्यातून ऐकलेली असतात. 'द हू' या इंग्रज रॉक वृंदाची जवळजवळ सर्व महत्त्वाची गीते रचली टाउनशेंड यांनी, आणि त्यांतली बहुतेक गायली रॉजर डॉल्ट्री यांनी. खाडिलकरांची पदे बालगंधर्वांच्या गळ्यातून ऐकणाऱ्याला, खाडिलकर स्वतः ती कशी गुणगुणत असतील, हा प्रश्न सहसा पडत नाही. टाउनशेंड यांच्या बाबतीत तो पडतो. कारण त्यांनी स्वतःच्या नावावर आणि मुख्यतः स्वतःच्या आवाजात काढलेल्या तबकड्यांची एक निराळी रांग १९७२ पासून आपल्यापुढे उभी आहे. या रांगेत काही अस्सल माल आहे, काही अर्धाकच्चा आहे, आणि काही, स्पष्टच सांगायचे तर, कंटाळवाणा आहे. नवख्या रसिकाने भलत्याच ठिकाणी सुई टेकवली, तर तो पुन्हा या वाटेला फिरकणार नाही. आरंभ कोठून करावा हा प्रश्न म्हणूनच आम्हांस किरकोळ वाटत नाही.

टाउनशेंड यांचा जन्म १९ मे १९४५ रोजी लंडनच्या पश्चिम भागातील चिझिक येथे झाला. वडील क्लिफ टाउनशेंड हे 'स्क्वाड्रनेअर्स' या नृत्यवृंदात सॅक्सोफोन वाजवीत, आई गायिका होती. वडील रात्री नाचघरात वाजवीत आहेत आणि घरात वाद्यांच्या पेट्या पडल्या आहेत, हे दृश्य गोमंतकातील अनेक कुटुंबांना नवे नाही. मुंबईच्या हॉटेलांत आणि चित्रपटांच्या वाद्यवृंदांत पोट भरणाऱ्या गोमंतकीय वादकांच्या मुलांना हे सारे ओळखीचे वाटेल. टाउनशेंड यांच्या गिटारीचा दणदणाट जगाला ठाऊक आहे, रंगमंचावर ती गिटार फोडून टाकण्याची त्यांची तऱ्हाही ठाऊक आहे. परंतु त्यांच्या हाताखाली सुरावटीची जी पक्की जाण आहे, स्वरसंवादांची जी समृद्धी आहे, ती नाचघरांच्या त्या जुन्या वळणातून आलेली आहे, असे आम्हांस वाटते. वृंदात ती गोंगाटाखाली झाकली जाते. एकट्याच्या तबकड्यांत ती वर येते.

आता प्रश्न तबकड्यांचा. इंग्रजी वृत्तपत्रांतील जाणकारांना विचारले तर बहुधा एकच उत्तर येईल : १९८० सालच्या 'एम्प्टी ग्लास'पासून सुरुवात करा. हे उत्तर चुकीचे नाही, आणि त्याकडे आम्ही पुढे येणारच आहोत. पण मराठी रसिकाच्या मनात आणखी एक उत्तर आपोआप उभे राहते, आणि तेच आम्हांस अधिक धोक्याचे वाटते. ते उत्तर म्हणजे १९७२ सालची पहिली तबकडी, 'हू केम फर्स्ट'.

त्याचे कारण उघड आहे. ही तबकडी मेहेरबाबांना वाहिलेली आहे. मेरवान शेरियार इराणी, म्हणजेच मेहेरबाबा, यांचा जन्म २५ फेब्रुवारी १८९४ रोजी पुण्यात एका इराणी झरतुष्ट्री कुटुंबात झाला. डेक्कन कॉलेजात शिकत असताना पुण्यातच हजरत बाबाजान यांची त्यांना गाठ पडली, पुढे साकोरीस उपासनी महाराजांच्या सहवासात ते राहिले. १० जुलै १९२५ रोजी त्यांनी मौन धरले ते ३१ जानेवारी १९६९ रोजी देह ठेवीपर्यंत सोडले नाही. ज्याला आज अहिल्यानगर म्हणतात त्या नगर शहराजवळ, अरणगावालगतच्या मेहेराबादच्या टेकडीवर त्यांची समाधी आहे. टाउनशेंड १९६० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांच्या शिकवणुकीकडे वळले. बाबा हयात असताना भेट घडली नाही. १९७२ साली ते नगरला आले आणि समाधीचे दर्शन घेऊन गेले. १९६९ सालच्या 'टॉमी' या तबकडीवर बाबांचे नाव आदराने छापलेले आहे, आणि 'बाबा ओ'रायली' या जगप्रसिद्ध गीताच्या मथळ्यातला 'बाबा' नगरचाच आहे; 'रायली' म्हणजे अमेरिकन संगीतकार टेरी रायली.

बडोद्याच्या वाचकांसाठी आणखी एक धागा सांगण्यासारखा आहे. 'हू केम फर्स्ट'मधील पहिले गीत 'प्युअर अँड ईझी' हे मूळचे 'लाइफहाउस' या टाउनशेंड यांच्या सोडून दिलेल्या महत्त्वाकांक्षी योजनेतले. प्रत्येक माणसाचा एक स्वर असतो आणि ते सारे स्वर शेवटी एकाच स्वरात मिळतात, ही त्या योजनेमागची कल्पना. तिला खतपाणी मिळाले ते हजरत इनायत खाँ यांच्या नादविषयक लेखनातून. इनायत खाँ १८८२ साली बडोद्यात जन्मले. सयाजीरावांच्या आश्रयाने १८८६ साली तेथे गायनशाळा सुरू करणारे मौलाबक्ष हे त्यांचे आजोबा. म्हणजे लंडनच्या उपनगरातल्या एका गिटारवाद्याच्या डोक्यात जे घोळत होते, त्याचे एक मूळ नगरच्या माळावर आणि दुसरे बडोद्याच्या गायनशाळेच्या दाराशी सापडते.

हे सारे खरे आहे, आणि ते वाचून कोणाही मराठी माणसाची छाती किंचित फुगेल हेही खरे. पण फुगलेल्या छातीने संगीत ऐकू येत नाही. आपल्याकडचे नाव, आपल्याकडचे गाव दिसले की आपण ऐकण्याआधीच दाद देऊन मोकळे होतो. सतारीचे दोन सूर एखाद्या विलायती गाण्यात वाजले की ते गाणे चांगलेच असले पाहिजे, असे समजणारे रसिक आपल्यात पुष्कळ आहेत. अशा दादेने टाउनशेंड यांचेही भले होत नाही आणि बाबांचेही नाही. 'हू केम फर्स्ट' जर पहिली ऐकली, तर आपण नगर ऐकतो, टाउनशेंड ऐकत नाही.

शिवाय ती तबकडी तबकडी म्हणून बांधीव नाही, हेही सांगितले पाहिजे. तिचा जन्मच वेगळ्या कारणाने झाला. बाबांच्या इंग्रज अनुयायांनी १९७० साली आपसांत वाटण्यासाठी 'हॅपी बर्थडे' नावाची एक तबकडी मोजक्या प्रतींत काढली होती, १९७२ साली 'आय ॲम' नावाची दुसरी. टाउनशेंड यांचे नाव असल्यामुळे अमेरिकेत त्यांच्या चोरट्या प्रती निघू लागल्या. तेव्हा रीतसर, सर्वांना मिळेल अशी एक तबकडी काढून तिचे उत्पन्न बाबांच्या कार्यास द्यावे, असे ठरले. त्यामुळे तिच्यात सरमिसळ आहे. 'इव्होल्यूशन' हे रॉनी लेन यांचे आणि त्यांनीच गायलेले. एक गीत बिली निकल्स यांच्या आवाजातले. 'कंटेंट' हे मॉड केनेडी यांच्या कवितेवर बेतलेले. आणि 'देअर्स अ हार्टेक फॉलोइंग मी' तर जिम रीव्ह्ज यांच्या आवाजात गाजलेले साधेसुधे अमेरिकन विरहगीत. ते येथे का, तर बाबांना ते आवडे म्हणून. ज्याला हे ठाऊक नाही त्याला ते गाणे अस्थानी वाटेल. ज्याला ठाऊक आहे त्याला त्यात एखाद्याने देवापुढे त्याच्या आवडीचा पदार्थ ठेवावा तसा भाव दिसेल. मुखपृष्ठावर टाउनशेंड अंड्यांच्या पसाऱ्यावर उभे आहेत. ते चित्र मात्र तबकडीच्या प्रकृतीला अगदी शोभणारे आहे. जरा जोराने पाऊल टाकले तर सगळे फुटेल, अशा बेताने येथे गायन चालले आहे.

म्हणून आमचे म्हणणे असे, की आरंभ १९७७ सालच्या 'रफ मिक्स'पासून करावा.

ही तबकडी टाउनशेंड यांची एकट्याची नाही, हा आक्षेप लगेच येईल. ती टाउनशेंड आणि रॉनी लेन या दोघांची आहे. 'स्मॉल फेसेस' आणि पुढे 'फेसेस' या वृंदांतून आलेले लेन हेही मेहेरबाबांना मानणारे. पण या तबकडीवर बाबांचा जयघोष कोठेही नाही. ग्लिन जॉन्स यांनी तिची निर्मिती केली. एरिक क्लॅप्टन, 'रोलिंग स्टोन्स'चे ढोलवादक चार्ली वॉट्स, 'द हू'मधील जॉन एन्टव्हिसल अशी बडी मंडळी येऊन वाजवून गेली, आणि तरीही कोणी आपले मोठेपण दाखवीत नाही. घरच्या बैठकीस आलेल्या पाहुण्यांनी आपापली वाद्ये जुळवून घ्यावीत आणि यजमानाच्या गाण्याला साथ करावी, तसे हे आहे. वॉट्स यांचा ठेका ऐकावा : 'माय बेबी गिव्ह्ज इट अवे'सारख्या खेळकर गाण्यात तो किती थोडे वाजवतो आणि त्या थोड्यात गाण्याला कसा पुढे ढकलतो! 'द हू'मध्ये कीथ मून यांच्या तुफानी ड्रमांशी झुंज देत गाणे रचण्याची सवय लागलेल्या टाउनशेंड यांना येथे प्रथमच निवांत जागा मिळाली आहे.

आणि या निवांत जागेत त्यांचा आवाज कळतो. तो डॉल्ट्री यांच्यासारखा छातीतून फुटणारा नाही. बारीक आहे, किंचित नाकात आहे, वरच्या पट्टीत गेला की तडकतो. गायकीच्या कसोटीवर तो दुय्यम ठरेल. पण ज्या गाण्यांत कोणाला तरी हाक मारायची असते, कोणाजवळ तरी काही मागायचे असते, तेथे भारदस्त आवाज आडवा येतो; मागणाऱ्याचा आवाज जरा तडकलेलाच असावा लागतो. 'हार्ट टु हँग ऑन टू' हे गीत आम्ही या तबकडीचा कळस मानतो. निराधार माणसांची दोन-तीन चित्रे, आणि दर चित्रानंतर टेकायला एक हृदय असावे अशी मागणी, एवढेच त्यात आहे. लेन आणि टाउनशेंड हे दोघे ते मिळून गातात. लेन यांचा आवाज मवाळ, ओलसर. टाउनशेंड यांचा धारदार. हे हृदय प्रेयसीचे की गुरूचे की देवाचे, याचा उलगडा गीत करीत नाही. जे 'हू केम फर्स्ट'मध्ये नाव घेऊन सांगावे लागले, ते येथे नाव न घेता साधले आहे, आणि आमच्या मते अधिक खोल गेले आहे.

'स्ट्रीट इन द सिटी' हे दुसरे गीत वेगळ्याच कारणासाठी ऐकावे. टाउनशेंड यांचे सासरे एडविन ॲस्टली हे नामांकित संगीतसंयोजक होते. त्यांनी या गीतासाठी तंतुवाद्यांचा मोठा ताफा योजला. ड्रम नाहीत, विजेची गिटार नाही. रस्त्यावरची माणसे न्याहाळणारा एक आवाज आणि त्याच्याभोवती व्हायोलिनांची येजा. रॉक संगीतकाराने शास्त्रोक्त वाद्यवृंद वापरला की बहुधा गाण्यावर जरीची झूल चढते आणि आतला बैल दिसेनासा होतो. येथे तसे झालेले नाही. लेन यांची 'ॲनी' आणि 'एप्रिल फूल' ही गाणी तर इतकी साधी आहेत, की दुसऱ्या-तिसऱ्या वेळेपर्यंत त्यांचे मोल लक्षात येत नाही. शेवटचे गीत डॉन विल्यम्स यांचे आहे. अमेरिकन खेड्यातल्या चालीचे, नद्या आटेपर्यंत प्रेम करण्याच्या आणाभाकांचे. दोन इंग्रज मित्र ते प्रार्थनेसारखे गातात.

या तबकडीवर दोघांची नावे रचनाकार म्हणून एकत्र आहेत ती केवळ एका, शब्द नसलेल्या, वाद्यसंगीताच्या तुकड्यावर. बाकी प्रत्येकाने आपापली गाणी आणली. तरीही ती दोन माणसांच्या एका मनाची वाटते. लेन यांना याच सुमारास मज्जासंस्थेच्या एका दुर्धर विकाराने ग्रासले होते. ४ जून १९९७ रोजी त्यांचे निधन झाले. हे कळल्यावर त्यांची गाणी अधिक करुण वाटू लागतात, पण हे कळण्यापूर्वीच ती एकदा ऐकून घ्यावीत.

'रफ मिक्स' पचली, की मग 'एम्प्टी ग्लास'कडे वळावे. या दोहोंच्या मध्ये टाउनशेंड यांच्या आयुष्यात बरेच काही घडले होते. ७ सप्टेंबर १९७८ रोजी कीथ मून वारले. इंग्लंडमध्ये पंक नावाचे रासवट, तरुण संगीत उफाळून आले होते आणि पस्तिशीकडे झुकलेल्या माणसाला ते 'तुम्ही संपलात' असे तोंडावर सांगत होते. टाउनशेंड यांना त्याचा राग आला नाही, उलट ते त्याकडे ओढले गेले. 'रफ बॉइज' हे पहिले गीत त्यांनी आपल्या मुलींना आणि 'सेक्स पिस्टल्स' या पंक वृंदाला अर्पण केले. राग आला तो मून यांच्या मृत्यूवर तुच्छतेने बोलणाऱ्या पत्रकारांचा. तो 'जूल्स अँड जिम'मध्ये ओतला आहे. हे गीत आम्हांस हलके वाटते. टीकाकारांना उत्तर देण्यासाठी गाणे खर्ची घालणे कोणाही कलावंताला परवडत नाही. (टीकाकार म्हणून आमचे हे मत वाचकांनी थोड्या सावधपणेच घ्यावे.)

या तबकडीचे नाव म्हणजे रिकामा पेला. फार्सी सूफी काव्यातील साकी, मद्य आणि पेला यांच्याशी उर्दू गझलेमुळे आपला परिचय आहे. हैदराबादकडील वाचकांना तर तो विशेष समजावून सांगायला नको. मेहेरबाबांना हाफिजचे काव्य प्रिय होते, आणि ही प्रतिमा टाउनशेंड यांच्यापर्यंत त्याच वाटेने आली. अंतःकरण रिकामे करून पुढे धरावे, भरणारा भरील, असा तिचा आशय. पण येथे एक पेच आहे, आणि तबकडीचा सगळा जीव त्या पेचात आहे. हा पेला धरणारा माणूस त्या काळी खरोखरीच दारूत बुडालेला होता. एकच पेला एकीकडे साधकाचा आहे आणि दुसरीकडे गुत्त्यातल्या गिऱ्हाइकाचा. नाममात्र सूफी गाणी लिहिणाऱ्यांना ही अडचण कधी येत नाही, कारण त्यांच्या मद्याला वासच नसतो. टाउनशेंड यांच्या पेल्याला वास आहे. शीर्षकगीत बायबलातील 'उपदेशक' या पुस्तकाच्या उदास सुराने, सारे व्यर्थ आहे या जाणिवेने, सुरू होते आणि चढत चढत मागणीपाशी येते. चढताना गाणे धडपडते, ठेचकाळते, मधेच हसते. हा ठेचकाळण्याचा प्रामाणिकपणा आम्हांस कोणत्याही निर्मळ भजनापेक्षा मोलाचा वाटतो.

'लेट माय लव्ह ओपन द डोअर' हे या तबकडीतले सर्वांत लोकप्रिय गीत; अमेरिकेच्या विक्रीयादीत ते नवव्या क्रमांकापर्यंत गेले. सिंथेसायझरची नाचरी सुरावट, गोड चाल, आणि वरवर पाहता प्रियकराने प्रेयसीला दिलेला दिलासा. मात्र ज्या प्रेमाला दार उघडू द्यायचे ते ईश्वराचे आहे, असे रचनाकाराच्या मनात होते. म्हणजे या गीतात बोलणारा भक्त नाही, देव आहे; आणि तो दारावर थाप मारतो आहे एखाद्या उडत्या चालीच्या गाण्यातून. ज्यांनी हे गाणे नाचाच्या कार्यक्रमांत ऐकले त्यांतल्या कितींना हे उमगले असेल, हा विचार करण्यासारखा आहे. 'अ लिटल इज इनफ' हेही त्याच धाटणीचे, थोडेसे प्रेमही पुरे असते असे सांगणारे. त्यातल्या ध्रुवपदाला टाउनशेंड यांचा आवाज फाटतो, आणि निर्माते ख्रिस टॉमस यांनी तो फाटू दिला आहे.

१९८२ सालची 'ऑल द बेस्ट काउबॉइज हॅव चायनीज आइज' ही तबकडी मद्य आणि त्याहून वाईट व्यसनांतून उपचार घेऊन बाहेर पडलेल्या माणसाची आहे. तिच्या नावाने पुष्कळांना बुचकळ्यात पाडले आणि तिच्यातील शब्दांच्या गर्दीने अधिकच. टाउनशेंड येथे कित्येक ठिकाणी गात नाहीत, बोलतात. बोलणे लांबते. 'कम्युनिकेशन'सारखे गीत तर शब्दांच्या ठिणग्या उडवण्यापलीकडे जात नाही. पण 'द सी रिफ्यूजेस नो रिव्हर' ऐकल्यावाचून राहू नये. समुद्र कोणत्याच नदीला नाकारीत नाही, मग ती गढूळ असो की विषारी. ही प्रतिमा आपल्या संतवाङ्मयात वाढलेल्याला नवी नाही. नवे आहे ते हे, की गाणारा स्वतःला त्या गढूळ नदीत धरतो. 'स्लिट स्कर्ट्स' हे शेवटचे गीत मध्यमवयाच्या वैफल्याचे आहे. पियानोवर हळूच सुरू होऊन ते आकांतापर्यंत पोहोचते. ही दोन गीते असूनही ही तबकडी प्रथम ऐकण्याजोगी नव्हे.

यानंतरच्या कथारूप तबकड्यांविषयी थोडक्यात सांगून पुढे जातो. 'टॉमी' आणि 'क्वाड्रोफेनिया' यांच्या यशाने टाउनशेंड यांना कथा सांगण्याचे जे वेड लावले, ते त्यांना कधीच सोडवले नाही. १९८५ सालची 'व्हाइट सिटी' ही पश्चिम लंडनमधील त्याच नावाच्या वसाहतीची कथा. तिच्यातील 'गिव्ह ब्लड' हे गीत मात्र अप्रतिम आहे; डेव्हिड गिल्मर यांची झणझणीत गिटार आणि सायमन फिलिप्स यांचे ड्रम यांनी ते उभे केले आहे. १९८९ सालची 'द आयर्न मॅन' ही टेड ह्यूज यांच्या बालकथेवरची. तीत जॉन ली हूकर आणि नीना सिमोन गातात एवढ्यासाठी कुतूहल वाटते. १९९३ सालच्या 'सायकोडेरेलिक्ट'मध्ये गाण्यांच्या मधोमध नभोनाट्याचे संवाद येतात. एकदा ऐकलेले संवाद पुन्हा कोण ऐकणार? पुढे संवाद वगळून तिची केवळ गाण्यांची आवृत्तीही काढावी लागली, यातच सारे आले. ज्या माणसाला तीन मिनिटांच्या गीतात अख्खे आयुष्य मावविता येते, त्याने ते समजावून सांगण्यासाठी पात्रे उभी करावीत, हे आम्हांस कधीच उमजलेले नाही.

राहता राहिल्या 'स्कूप' (१९८३), 'अनदर स्कूप' (१९८७) आणि 'स्कूप ३' (२००१). ज्यांनी 'द हू'ची गाणी मनसोक्त ऐकली आहेत त्यांच्यासाठी खरा खजिना येथे आहे. टाउनशेंड १९६४च्या सुमारापासून घरीच टेप-यंत्रांवर आपली गाणी मुद्रित करीत आले. गिटार स्वतःची, बास स्वतःचा, ड्रम जमतील तसे स्वतःचेच, आणि गाणेही स्वतःच गायचे. मग हे कच्चे मुद्रण सोबत्यांना ऐकवायचे आणि वृंदाने ते आपल्या पद्धतीने वाजवायचे. 'स्कूप'च्या तीन संचांत या घरगुती मुद्रणांतील निवडक तुकडे आहेत, आणि पहिल्या संचासोबत प्रत्येकाविषयी टाउनशेंड यांनी मोकळेपणाने लिहिलेली टिपणेही आहेत.

'बार्गेन' या एकाच गीताचे उदाहरण घ्या. १९७१ सालच्या 'हूज नेक्स्ट' तबकडीवर ते डॉल्ट्री गातात. त्यांच्या तोंडी ते एका मर्दाने प्रेयसीसाठी घातलेली पैज वाटते : सर्वस्व देईन, तरी सौदा स्वस्तच. ड्रम कोसळत असतात, गिटार गर्जत असते. आव्हान दिल्यासारखे सारे. टाउनशेंड यांनी सांगून ठेवले आहे की हे गीत मेहेरबाबांना उद्देशून आहे. ते वाचून कोणाला पटेल, कोणाला नाही. पण 'स्कूप'मधले घरगुती मुद्रण ऐकले की सांगण्याची गरज उरत नाही. तीच चाल, तेच शब्द, पण आवाज बारीक, जवळचा, खालमानेचा. तुकोबांनी विठ्ठलाशी केलेल्या व्यवहाराच्या भाषेची ज्याला सवय आहे, त्याला हा सौदा कोणत्या पेठेतला हे तत्काळ ओळखू येईल. 'बिहाइंड ब्लू आइज' आणि 'लव्ह, रेन ओ'अर मी' यांचीही मूळ रूपे याच संचात आहेत. दुसऱ्या गीतात डॉल्ट्री आभाळ फाडतात, आणि ते फाडणे थोर आहे, यात शंका नाही. टाउनशेंड यांच्या आवाजात मात्र पाऊस मागणारा माणूस आधीच भिजलेला वाटतो.

'अनदर स्कूप'मध्ये 'डोन्ट लेट गो द कोट' आहे. १९८१ साली 'द हू'ने हे गीत वाजवले तेव्हा अनेकांनी त्याला मामुली ठरवले. कोट म्हणजे काय, हे त्यांना कळणार तरी कसे? माझा दामन घट्ट धरून ठेवा, असे मेहेरबाबा आपल्या माणसांना सांगत; त्या दामनाचा इंग्रजीत कोट झाला. बाबांच्या आवडीचे 'बिगिन द बिगीन' हे कोल पोर्टर यांचे जुने नृत्यगीतही याच संचात टाउनशेंड यांच्या आवाजात ऐकायला मिळते, आणि नाचघरातल्या वादकाचा मुलगा ते किती समजून गातो!

एवढे ऐकून झाले, म्हणजे मग 'हू केम फर्स्ट' लावावी. आता तिच्यातील शेवटचे 'परवरदिगार' हे गीत ऐकावे. मेहेरबाबांनी १९५३ साली दिलेली विश्वप्रार्थना टाउनशेंड यांनी थोडीफार बदलून सुरांत बसवली आहे. ही प्रार्थना मागणीची नव्हे, केवळ स्तुतीची. तिच्यात 'मी' नाही. आणि स्वतःविषयी बोलल्यावाचून ज्याला राहवत नाही अशा या रचनाकाराचा आवाज येथे सहा मिनिटांहून अधिक वेळ स्वतःला बाजूला ठेवतो. गिटारीच्या संथ पायावर तो पायरी पायरीने वर जातो. कोठेही चमत्कृती नाही. 'रफ मिक्स'मधील मित्र, 'एम्प्टी ग्लास'मधील मद्यपी, 'स्कूप'मधील घरात एकटा बसून गाणारा माणूस, हे सारे ज्याला भेटले आहेत, त्याला या संयमाची किंमत कळते. पहिल्याच दिवशी ऐकणाऱ्याला तो निव्वळ भाविकपणा वाटण्याचा संभव आहे. २०१८ साली या तबकडीची पुष्कळ भर घातलेली आवृत्ती निघाली. संग्राहकांनी ती अवश्य घ्यावी. इतरांनी मूळच्या नऊ गीतांवर थांबावे, आणि नववे संपल्यावर लगेच दुसरे काही लावू नये.